निर्वात दाबयंत्र आणि सुताराची मजुरी



आमच्या विदर्भात ‘प्रेस’ हा शब्द उच्चारला की दोनच गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक छापखाना आणि दुसरी, कापसाच्या गाठी बांधणारी जिनिंग-प्रेसिंग. आज मी तिसऱ्याच प्रेसविषयी बोलणार आहे. ही प्रेस सुताराची आहे. तिला अवजड लोखंडी चौकट नाही आणि फिरवायचा दांडाही नाही. एक जाड प्लास्टिकची पिशवी, हवा उपसणारा एक पंप आणि दोघांना जोडणारी नळी, एवढाच तिचा संसार. तरीसुद्धा ती एका जेवणाच्या टेबलाच्या फळीवर तेरा-चौदा टनांचा भार सहज टाकते.

कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने सुतारकामाच्या यंत्रावर का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. तो रास्त आहे. मी सुतार नाही आणि इंजिनियर तर नाहीच नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकांवर. या यंत्राची ओळख मला एका तंट्यामुळे झाली. म्हणून आधी तो तंटा सांगतो आणि मग यंत्राकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी फर्निचरच्या एका कारखान्यातला सुतार आमच्या कचेरीत आला. त्याने टेबलाच्या सहा फळ्यांवर सागाचे विनियर चिकटवले होते. विनियर म्हणजे लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा. दुसऱ्या दिवशी पिशवी उघडली तेव्हा फळ्यांवर जागोजाग फुगे आलेले. सरस लावण्यात कामचुकारपणा केला, असे सांगून मालकाने अकरा हजार रुपये पगारातून कापायचे ठरवले. सुतार एवढेच म्हणत होता, “भाऊ, सरस मी त बराबर लावला होता. मशीननंच दगा देल्ला.”

मी मालकाकडे गेलो. त्यांनी चहा दिला आणि हसून विचारले, “तुम्ही युनियनची माणसं. यंत्रातलं तुम्हाला काय कळतं?” प्रश्न बोचला, पण खोटा नव्हता. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि शिकायला बसलो.

पहिला धडा मला विहिरीवर मिळाला. विहिरीचे पाणी पंपापासून वीस-पंचवीस फुटांपेक्षा खाली गेले की वर ठेवलेला पंप पाणी ओढत नाही, तो विहिरीत खाली उतरवावा लागतो, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. याचे कारण असे की पंप पाणी ओढतच नसतो. तो नळीतली हवा काढून टाकतो, आणि विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा जो भार पडलेला असतो, तो भार पाण्याला नळीतून वर ढकलतो. त्या भाराची ताकद सुमारे चौतीस फूट उंच पाण्याच्या स्तंभाएवढी आहे. त्यापलीकडे कितीही मोठा पंप लावला तरी उपयोग होत नाही. प्रत्यक्षात गळती आणि घर्षण यांमुळे वीस-पंचवीस फुटांवरच गाडी अडते. पाण्याऐवजी पारा घेतला, तर तोच भार सुमारे तीस इंच पारा तोलून धरतो. इटलीच्या टॉरिचेल्लीने सतराव्या शतकात हे दाखवले, आणि आजही अशा यंत्रांवरच्या गेजवर ० ते ३० असे आकडे असतात, ते या पाऱ्याच्या इंचांचेच.

त्याच शतकात जर्मनीतल्या मॅग्डेबर्ग नगराचा नगराध्यक्ष ओटो फॉन गेरिके याने तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना लावून त्यांतली हवा काढली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले. गोल वेगळे होईनात. त्यांना धरून ठेवणारे दुसरे काही नव्हते, बाहेरची हवा तेवढी त्यांना दाबत होती.

हा भार एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो, म्हणजे एका चौरस मीटरवर सुमारे दहा टन असतो. आपल्या तळहातावरही तो आहे. पण तो वरून, खालून आणि आतून सारखाच असल्यामुळे आपल्याला जाणवत नाही. एका बाजूची हवा काढून घेतली की दुसऱ्या बाजूचा भार कामाला लागतो. निर्वात दाबयंत्राचे सारे रहस्य एवढेच. फळी पिशवीत ठेवायची, पिशवीतली हवा काढायची, की बाहेरची हवा पिशवीला आणि पिशवी विनियरला दाबते. गेजचा काटा २४ वर असला तर दर चौरस मीटरला सव्वाआठ टनांहून थोडा अधिक भार पडतो. सहा फूट बाय तीन फूट फळीवर तो पावणेचौदा टनांच्या आसपास जातो. शिवाय तो सगळीकडे सारखा असतो. सुताराचा शिकंजा कडा आवळतो पण मध्य सैल राहतो. हवेला कडा आणि मध्य हा भेद ठाऊक नाही. फळी गोलाईची असली, कमानीसारखी असली, तरी हवा प्रत्येक वळणावर सारखीच दाबते.

आता विनियर कशासाठी, हेही पाहिले पाहिजे. आलापल्लीच्या जंगलातला आणि बल्लारपूरच्या आगारात येणारा साग आपण सर्वांनी ऐकला आहे. चांगला साग तयार व्हायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. एक घनफूट साग करवतीने इंच-इंच जाडीच्या फळ्यांत कापला, तर भुसा वजा जाता दहा-एक चौरस फूट फळी हाती लागते. तोच ठोकळा पात्याने अर्ध्या मिलिमीटरचे पापुद्रे करून सोलला, तर हिशेबाने सहाशे चौरस फूट निघतात. प्रत्यक्षात काही वाया जाते हे खरे, पण अंतर केवढे आहे ते पाहा. तेव्हा विनियर म्हणजे नकली लाकूड, हा समज चुकीचा आहे. ते खरेच लाकूड असते आणि काटकसरीने वापरलेले असते.

मात्र एवढा पातळ पापुद्रा चिकटवणे सोपे नाही. जुने कारागीर जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस रात्रभर भिजवत, गरम पाण्याच्या भांड्यात भांडे ठेवून तो पातळ करत, आणि बोथट तोंडाच्या हातोडीने विनियर मधून कडेकडे दाबत नेत. सरस निवायच्या आत काम संपले पाहिजे, म्हणून तीन-चार हात लागत. आमच्या नालवाडीला हा कातड्याचा विषय नवा नाही. १९३२ च्या अखेरीस विनोबा येथे राहायला आले, १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ निघाले, आणि मेलेल्या जनावरांचे चामडे कमावणारे चर्मालय गोपाळराव वालुंजकरांनी याच गावात चालवले. ज्या कामाला समाज शिवत नव्हता, त्या कामाला येथे शास्त्र म्हणून मान मिळाला. सुतारकामाकडेही त्याच नजरेने पाहावे, एवढेच माझे मागणे आहे.

आता यंत्राची मांडणी सांगतो. सभागृहात सुतार बसलेले असतील तर त्यांनी चुका दुरुस्त कराव्यात.

पहिली गोष्ट बैठक. पिशवीच्या आत एक सपाट, गुळगुळीत फळी कायमची ठेवायची. तिच्यावर चार ते सहा इंचांच्या अंतराने आडव्या-उभ्या बारीक खाचा पाडायच्या. खोली सुमारे तीन मिलिमीटर पुरे. या खाचा म्हणजे हवेच्या वाटा. त्या नसल्या तर पंपाजवळची पिशवी आधी चिकटते आणि दूरच्या कोपऱ्यातली हवा कोंडून राहते. बैठकीच्या कडा आणि कोपरे घासून गोल करावेत, नाहीतर पहिल्याच दिवशी पिशवी फाटेल.

दुसरी गोष्ट पिशवी. अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचे मऊ, पारदर्शक प्लास्टिक चालते. तीन बाजू वितळवून जोडलेल्या आणि चौथी बाजू उघडी. उघडी बाजू दांड्याभोवती गुंडाळून वरून खाचेची पट्टी बसवली की ती बंद होते. पिशवी घडी घालून ठेवू नये, गुंडाळून ठेवावी. घडीवर चीर जाते. उंदरांपासून जपावे, हे वेगळे सांगायला नको.

तिसरी गोष्ट पंप. पिशवीतली बरीचशी हवा आधी हातानेच दाबून काढली, तर मिनिटाला पाच घनफूट हवा काढणारा छोटा पंप चार फूट बाय आठ फुटांच्या पिशवीला पुरतो. फ्रीज आणि एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे असा पंप असतो. पण तो बंद नळ्यांसाठी केलेला असल्यामुळे गळक्या पिशवीवर तासन्‌तास चालवला तर तापतो आणि तेल ओकतो. पंपाच्या तोंडाची हवा शेडबाहेर सोडावी.

चौथी गोष्ट एकमार्गी झडप, जिला नळ-कारागीर नॉन-रिटर्न म्हणतात. ती हवेला पिशवीतून पंपाकडे जाऊ देते, परत येऊ देत नाही. तिच्या जोडीला जाड पत्र्याची एक लोखंडी टाकी आणि आपोआप चालू-बंद होणारे बटन बसवले, की काटा २१ वर उतरताच पंप चालू होतो आणि २५ वर पोहोचताच बंद पडतो. टाकीसाठी पातळ डबा कधीही वापरू नये, हवा तो चेंगरून टाकते. त्याच कारणाने पिशवीत पोकळ पेटी किंवा पोकळ दरवाजाही घालू नये. आमच्या डोळ्यांदेखत एक पोकळ पेटी फटाक्यासारखा आवाज करून बसली आहे.

पाचवी गोष्ट गेज. तिच्याविषयी पुढे बोलतो. आता एवढेच सांगतो, की वर्धा समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरहून थोडे अधिक उंच असल्यामुळे येथे काटा पुरत्या ३० पर्यंत कधीच जाणार नाही. तो २९ च्या आसपास थांबेल. त्यावरून पंप खराब आहे, असे कोणी समजू नये.

काम असे चालते. सरस नेहमी खालच्या फळीला लावायचा. विनियरला लावला तर ते ओले होऊन लगेच गुंडाळते. रोलरने सारखा थर द्यायचा. थर जाड झाला तर सरस लाकडाच्या छिद्रांतून वर येतो आणि पॉलिशला डाग पडतात, पातळ झाला तर जागा कोरडी राहते. वर विनियर, त्यावर प्लास्टिकचा पातळ कागद, त्यावर सपाट पाटी आणि सर्वांत वर जाळी, म्हणजे पिशवीखालची हवा वाहत राहते. जाळीसाठी शेतकऱ्यांची हिरवी शेडनेट उत्तम चालते. फळीच्या दोन्ही अंगांना विनियर लावावे. पापड एकाच बाजूने वाळला की कसा वाकतो, तशी एका बाजूनेच चिकटवलेली फळी महिन्याभरात वाकते.

आमच्याकडचे हवामान हा मोठा भागीदार आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी सरस लावून विनियर मांडेपर्यंत त्यावर साय धरते. म्हणून उन्हाळ्यात हे काम भल्या सकाळी करावे. पावसाळ्यात उलट, फळी आणि विनियर दोन्ही ओल पितात, आणि ओले विनियर चिकटवले तर दिवाळीनंतर आकसून त्याला भेगा पडतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पिशवीत पाणी उडून जायला वाट नसते. म्हणून बाहेर काढलेली फळी दोन पट्ट्यांवर उभी ठेवून दिवसभर वाळू द्यावी, लगेच रंधा किंवा पॉलिश करू नये.

एवढे शिकल्यावर मी पुन्हा त्या कारखान्यात गेलो. मालकांनी परवानगी दिली, हा त्यांचा मोठेपणा मी मान्य करतो. आम्ही रिकामी पिशवी बंद केली, काटा २४ वर नेला आणि पंप थांबवला. चांगली पिशवी तासाभरात एखाद-दोन आकडे सोडते. ही पिशवी वीस मिनिटांत ९ वर आली. सायकलच्या ट्यूबला साबणाचे पाणी लावतात तसे येथे चालत नाही, कारण हवा आत जात असते. आम्ही उदबत्तीचा धूर पिशवीच्या कडेने फिरवला. घडीच्या एका चिरेपाशी धूर आत ओढला गेला. शिवाय त्या यंत्राला एकमार्गी झडपच नव्हती.

मग दुसरा प्रश्न आला. पंप सतत चालू असता तर गळती असूनही काटा बराच वर राहिला असता. मग फुगे का आले? शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याने वहीत लिहून ठेवले होते, की त्या संध्याकाळी सहा चाळीसला वीज गेली ती पन्नास मिनिटांनी आली. आमचा सुतार सव्वासहाला, नियमाप्रमाणे, काम बंद करून घरी गेला होता. वीज जाताच पंप थांबला, हवा पिशवीत शिरली आणि नेमक्या आळायच्या वेळी सरसावरचा भार नाहीसा झाला.

तरीही मालकांनी विचारले, सरस लावलाच नसेल तर? याचे उत्तर फुग्यातच असते. आम्ही पात्याने फुगे कापून पाहिले. आत सरसाचा थर चकचकीत वाळलेला दिसला, आणि त्यावर विनियरच्या रेषांचा ठसा नव्हता. याचा अर्थ सरस होता, पण विनियर त्याला टेकलेलेच नव्हते. सहापैकी पाच फळ्या अशा निघाल्या. सहाव्या फळीचा एक कोपरा मात्र खरोखरच कोरडा होता. तेथे सुताराचा हात चुकला होता. मी ते कबूल केले, आणि त्यानेही केले.

कायदा काय सांगतो, तेही सांगतो. नुकसानीबद्दल मजुरी कापायची असेल तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीमुळे झालेले असले पाहिजे आणि कापण्यापूर्वी त्याला आपली बाजू मांडायची संधी दिली पाहिजे, असा दंडक १९३६ च्या पगारवाटपाच्या कायद्यात होता. २०१९ च्या वेतन संहितेनेही तो कायम ठेवला आहे. पण बाजू मांडायची तर कामगाराला यंत्राचे ज्ञान हवे. ज्ञानावाचून त्या संधीला काही अर्थ राहत नाही. एका फळीची रक्कम कापली गेली, बाकीची दोन हप्त्यांत परत मिळाली. गेजला पूर्वी भिंतीकडे तोंड होते, ते कामगारांकडे फिरवले गेले. झडपही बसली. मला विचाराल तर पैशापेक्षा गेज फिरवले गेले, याचा आनंद मला अधिक झाला.

पुढे तो सुतार आणि त्याचे चार सोबती यांनी नालवाडीत एका टिनाच्या शेडमध्ये स्वतःची पिशवी आणि पंप उभा केला. हिशेब तपासायला मी अधूनमधून जातो. त्यांचा एक नियम मला फार आवडतो. पिशवी बंद केल्याची वेळ, काट्याचा आकडा आणि तासाभरानंतरचा आकडा वहीत लिहायचा आणि खाली सही करायची. ती वही म्हणजे कारागिराची साक्ष आहे. यंत्र बोलत नाही, म्हणून त्याच्या वतीने काट्याने आणि वहीने बोलावे लागते.

प्रकृतीविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. युरिया-फॉर्माल्डिहाइडचा सरस स्वस्त आणि टणक असतो, पण त्याचा वायू डोळ्यांना झोंबतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला २००४ मध्ये, आणि लाकडाच्या भुशाला १९९५ मध्येच, माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत धरले आहे. सागाच्या भुशाने कातडीला खाजही सुटते. पिशवी बंद असताना धोका थोडा असतो. सरस कालवताना, पिशवी उघडताना आणि नंतर घासताना तो खरा असतो. त्या वेळी शेडची दोन्ही दारे उघडी हवीत आणि नाकावर चांगला मास्क हवा. रुमाल पुरत नाही.

शेवटचा प्रश्न यंत्राच्या न्यायाचा. विनोबांनी यंत्रांचे तीन प्रकार सांगितले होते: वेळ वाचवणारी, संहार करणारी आणि उत्पादन करणारी. उत्पादक यंत्रांचे त्यांनी पुन्हा दोन भाग केले, श्रमाला पूरक आणि श्रमाला मारक. एकच यंत्र एका ठिकाणी पूरक तर दुसऱ्या ठिकाणी मारक ठरू शकते, हेही ते सांगत. आमच्या पिशवीला हीच कसोटी लावून पाहू. जेथे चार हात हातोडी मारत होते तेथे आता दोन पुरतात. मी पाहिलेल्या एका कारखान्यात उरलेल्या दोघांना दुसऱ्या महिन्यापासून बोलावणे आले नाही. नालवाडीच्या शेडमध्ये मात्र उरलेले हात गोलाईचे काम करू लागले, जे पूर्वी त्यांना जमतच नव्हते आणि ज्याची मजुरी जास्त मिळते. पिशवी तीच आणि पंपही त्याच जातीचा. फरक एवढाच, की एका ठिकाणी यंत्र आले तेव्हा कामगारांना कोणी विचारले नव्हते आणि दुसऱ्या ठिकाणी त्यांनीच ते आणले होते.

म्हणून माझी आपणा नगरवासीयांना एक विनंती आहे. आपल्या घरी सागाच्या चेहऱ्याचे टेबल येईल तेव्हा त्यावर नखाने हलकेच टकटक करून पाहा. पोकळ आवाज आला तर दुकानदाराला जरूर सांगा. पण भरताना कोणाच्या मजुरीतून भरले जाणार आहे, तेही त्याला विचारा. हवा कोणाच्या मालकीची नाही आणि तिचा भार सर्वांवर सारखा आहे. नुकसानीचा भार मात्र आपोआप सारखा पडत नाही. तो कोणावर पडतो आहे, हे पाहण्याचे काम माणसांनाच करावे लागते.